राजहंसगडावर राजा राहत होता का?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: शाळेतर्फे राजहंसगडाच्या वाटेवर माहितीफलक लावायचा आहे. गावातले काही जण म्हणतात, 'रट्ट राजांचा मध्ययुगीन राजवाडा' असं लिहा. काही म्हणतात, 'शिवरायांनी बांधलेला गड' लिहा. एका निवृत्त गुरुजींनी तर 'हा शिलाहार भोजाचाच' म्हणून पैज लावली आहे. फलकावर काय लिहायचं, आणि आपल्या भागात राजा खरोखर डोंगरावर राहायचा का?

बाई, पैज कुणीच जिंकलेली नाही. गुरुजींना लगेच सांगू नका, आधी सगळं वाचून घ्या, कारण थोडंथोडं खरं प्रत्येकाकडेच आहे.

मी तीसेक वर्षं टेप आणि ओळंबा घेऊन या पट्ट्यातले गड मोजत आलो, तटांची चुन्यातली डागडुजी केली. 'गड कुणी बांधला?' या प्रश्नानं मला जितक्या वेळा चकवलंय तितकं दुसऱ्या कशानं चकवलं नसेल. कारण गड कुणी एक माणूस बांधतच नाही. एक जण माथ्यावर चौकी बसवतो, दुसरा तट घालतो, तिसरा तोफा आल्यावर बुरूज जाड करतो, चौथा देवळाची डागडुजी करतो आणि लोकांच्या तोंडी नाव राहतं पाचव्याचं.

आधी राजहंसगडाकडे नुसत्या डोळ्यांनी बघू. गड लहान आहे. जांभा आणि काळा दगड, गोल बुरूज, आत सिद्धेश्वराचं देऊळ. माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला अख्खं बेळगाव आणि दुसऱ्या बाजूला खानापूरकडचं रान दिसतं. पहाऱ्याला जागा झकास आहे. पण राजा म्हटला की त्याच्यामागं हत्ती-घोडे, मुदपाकखाना, कारकून, सोनार, देवळांचे पुजारी आणि या सगळ्यांना रोज लागणारं धान्य-पाणी आलं. ते धान्य पिकतं खाली, येळ्ळूरच्या शिवारात, जिथं आज आपली बासमती डोलते. एवढा लवाजमा वर चढवून ठेवायला या माथ्यावर जागाच नाही. इथं शिबंदी, म्हणजे पहाऱ्याचे शिपाई, राहिली असेल, किल्लेदार राहिला असेल. राजवाड्याचा आव मात्र या जागेला पेलत नाही.

मग रट्ट राजे राहत होते कुठं? आधी सौंदत्तीला, म्हणजे तेव्हाच्या सुगंधवर्तीला. हे घराणं स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचं. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर. राष्ट्रकूटांचे आणि पुढं कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून ते वाढले. चालुक्यांची पकड सुटली तसे ते जवळजवळ स्वतंत्र झाले, आणि चौथ्या कार्तवीर्याच्या काळात गादी वेणुग्रामला आली. वेणुग्राम म्हणजे आपलं बेळगाव. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तुम्ही मुलांना दाखवली असेलच. ती 1204 साली कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज यानं बांधवली. त्याच वेळचे बेळगावचे दोन कोरीव लेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ युवराज मल्लिकार्जुन वेणुग्रामात राहून राज्य करत असल्याचं त्यांत आहे, बस्तीला दिलेल्या दानाचा तपशील आहे, गावातल्या व्यापाऱ्यांचे उल्लेखही आहेत. म्हणजे रट्टांची राजधानी होती बाजारपेठेत. आजही बेळगावचा किल्ला भुईकोटच आहे, त्याची मदार डोंगरावर नाही, खंदकावर आहे.

थोडक्यात, 'रट्ट' म्हणणाऱ्यांचं एवढं खरं की या मुलखावर राज्य त्यांचं होतं आणि गडाची पहिली उभारणी परंपरेनं त्यांच्याकडेच दिली जाते. 'राजवाडा' म्हणणाऱ्यांचं मात्र चुकतं.

आता गुरुजींचा भोज. त्यांची गल्लत कुठं झाली ते मला समजतं. आपल्या जवळपास खरोखरच एक राजा डोंगरावर गादी मांडून बसला होता, तो हाच. कोल्हापूर शाखेचा शिलाहार राजा दुसरा भोज, आणि त्याचा डोंगर पन्हाळा. जुन्या लेखांत या जागेची नावं पन्नाळ, पद्मनाल, प्रणालक अशी येतात. भोजाच्या आधीचे शिलाहारही या टापूत होते, पण पन्हाळ्याला राजधानीचा मान मिळाला तो त्याच्या काळात. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य संपले, त्यांच्या जागी आलेले कलचुरीही संपले, डोक्यावर कुणी उरलं नाही. तेव्हा भोजानं थेट सम्राटाची बिरुदं लावली. 1205 साली आजऱ्यात, म्हणजे गडहिंग्लजच्या पुढं, सोमदेव नावाच्या जैन पंडितानं जैनेंद्र व्याकरणावर टीका लिहिली. ग्रंथाच्या शेवटी त्यानं राज्य कुणाचं चालू आहे ते नोंदवलंय: 'पश्चिमचक्रवर्ती' वीरभोजदेवाचं. व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर राजकीय इतिहासाचा एवढा पक्का पुरावा सापडतो, हे मुलांना जरूर सांगा. त्यांना व्याकरण तेवढंच गोड लागेल.

या भोजाच्या नावावर पंधरा गड आहेत. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड अशी यादी लोक घडाघडा म्हणतात. परंपरा म्हणून ठीक आहे. पण त्यामुळंच आपल्याकडं ज्या गडाचा बाप सापडत नाही तो भोजाच्या दारात नेऊन बसवायची सवय लागली. येळ्ळूर रट्टांच्या राजधानीच्या अगदी उंबऱ्यावर आहे. शेजारच्या राजानं येऊन तिथं गड बांधावा आणि कार्तवीर्यानं खालून बघत बसावं, हे पटण्याजोगं नाही.

पन्हाळ्यावर राजा राहू शकला याची कारणं डोंगरातच आहेत. वर पठार मोठं, तटाचा घेर सात किलोमीटरच्या आसपास. खाली काळा कातळ आणि वर जांभ्याची टोपी, म्हणजे पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, कातळावर अडतं आणि विहिरी-तळ्यांना मिळतं. आमच्या धंद्यात गडावर गेल्यावर दरवाजा नंतर बघतात, आधी पाणी बघतात. पन्हाळ्याची अंधारबाव बघितली असेल तर आठवा: तीन मजली इमारत, तळाला विहीर, वर पहारा, बाहेर पडायला चोरवाट. पाण्यालाच स्वतंत्र किल्ला केलाय. आणि अंबरखाना! गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. त्यांतली गंगा कोठी पस्तीसेक फूट उंच, तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. या इमारतींचं आजचं रूप भोजानंतरच्या काळातलं आहे, पण डोंगरावर दरबार पोसायचा तर काय काय लागतं ते त्यांच्याकडं बघून कळतं. ही फूटपट्टी राजहंसगडाला लावून बघा, उत्तर आपोआप मिळेल.

इतकं सगळं असूनही भोजाचा डोंगर पडला. देवगिरीच्या यादवांचा सिंघण चालून आला. 1205 ला आजऱ्यात भोजाचं राज्य आहे. 1213-14 च्या खिद्रापूरच्या शिलालेखात कोपेश्वराला गाव दान देणारा राजा मात्र सिंघण आहे. या दोन नोंदींच्या मधल्या आठ-नऊ वर्षांत पन्हाळा गेला आणि शिलाहारांचं हे घराणंच संपलं. यादवांच्या एका लेखातली सिंघणाची बिरुदावली मला फार आवडते: पन्हाळ्यात राहणाऱ्या प्रबळ भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड. यातली खोच अशी की शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवायचे. गरुडाच्या तावडीतून नागाला सोडवण्यासाठी शिळेवर जाऊन पडला तो जीमूतवाहन, आणि 'शिलाहार' हे नावही त्या शिळेवरच्या आहारावरून आलं अशी कथा. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असायचा. कवीनं त्यांचाच गरुड काढून सिंघणाला दिला आणि भोजाला केलं साप! आठशे वर्षांपूर्वीचा असला टोमणा दगडावर टिकून राहिलाय.

रट्टांचंही फार निराळं झालं नाही. 1228 च्या सौंदत्तीच्या लेखात दुसरा लक्ष्मीदेव अजून गादीवर आहे आणि त्याचा राजगुरू मुनिचंद्र राज्य सांभाळणारा म्हणून गौरवला गेलाय. दहाच वर्षांनी, 1238 च्या हरळहळ्ळीच्या लेखात, सिंघणाचा सेनापती वीचण रट्टांना नमवल्याची फुशारकी मारतो. एक राजा डोंगरावर, दुसरा सपाटीवर, दोघांनाही एकाच यादवानं गिळलं. डोंगरानं भोजाला वाचवलं नाही आणि खंदकानं रट्टांना.

आडवळणाची एक गोष्ट, पण फलकाच्या निमित्तानं ती निघणारच. हे लेख कानडीत आहेत म्हटलं की आपल्याकडं काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि काहींना उलट उकळ्या फुटतात. दोन्ही गोष्टी फुकटच्या. पन्हाळ्याच्या शिलाहारांनीही संस्कृतबरोबर कानडीत लेख कोरवले, देवगिरीच्या यादवांनीही कोरवले. त्या राजांना आपला आजचा सीमावाद दाखवला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, कर कुणाच्या बाजारातून जास्त येतो? फलक मराठीत लिहा, खाली कन्नडमध्येही लिहा. मुलांना दोन्ही येतात, आणि गड बघायला दोन्हीकडचे येतात.

आता मी स्वतः कसा फसलो ते सांगतो, म्हणजे तुम्ही फसणार नाही. उमेदीच्या काळात एका गडावर तटात बसवलेला कोरीव दगड दिसला, बाराव्या शतकाच्या घडणीचा. मी आनंदानं अख्खा तट बाराव्या शतकाचा म्हणून अहवाल लिहून मोकळा झालो. माझ्याबरोबर एक वयस्क गवंडी होते. ते म्हणाले, "सायेब, दगुड जुना हाय, पर बसिवलाय उलटा की वो." खरंच वेलबुट्टी उलटी होती. देवळाचा दगड, देऊळ पडल्यावर कुणीतरी शेपाचशे वर्षांनी उचलून तटात घातलेला. अहवाल मागं घ्यावा लागला. तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली: दगडाचं वय वेगळं आणि भिंतीचं वय वेगळं.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण बेळगावच्या किल्ल्यातच आहे. साफा मशीद 1519 ची, आदिलशाही काळातली. आदिलशाही सरदार असदखान लारीशी तिचं नाव जोडलेलं आहे. पण आतल्या खांबांवर आधीच्या देवळांचे लेख आहेत, एक रट्टांच्या काळातला 1199 चा, दुसरा यादव कृष्णाच्या काळातला 1261 चा, आणि भाषा कानडी असून लिपी नागरी. नुसता खांब वाचून कुणी 'मशीद 1199 ची' म्हटलं तर आपण हसू. पण गडांच्या बाबतीत नेमकं तेच आपण रोज करतो. राजहंसगडावर एखादा जुना घडीव चिरा सापडला तर तो चिरा रट्टांचा असू शकतो, ती भिंत रट्टांची ठरत नाही.

भिंतीचं वय ठरवायला मी बुरुजाकडं बघतो. तोफ यायच्या आधी तट उंच असला की काम भागायचं. शत्रू शिडी लावणार, हत्ती दरवाज्याला धडका देणार, म्हणून दरवाज्याला अणकुचीदार खिळे. तोफेच्या आणि सुरुंगाच्या दारूनं हा हिशेबच मोडला. आपल्या भागापुरतं त्याचं वर्ष सांगता येतं: 1472. बहमनी सुलतान तिसरा महंमद आणि त्याचा वजीर महमूद गवान बेळगावावर चालून आले. पाण्यानं भरलेला खंदक आडवा होता. तेव्हा त्यांनी तटाखाली भुयारं खणून सुरुंग पेरले आणि भिंत उडवली. दख्खनमध्ये सुरुंगाचं हे तंत्र तोवर कुणाला ठाऊक नव्हतं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्यानंतर जुन्या पद्धतीच्या तटावर विसंबून राहणं परवडणारं नव्हतं. तट जाड झाले, बुरूज गोल झाले (गोल बुरुजावर गोळा घसरतो, कोपऱ्यावर बसला की कोपरा ढासळतो), चर्यांच्या, म्हणजे तटावरच्या पाकळ्यांच्या, खाली बंदुकीसाठी जंग्या, म्हणजे भोकं, आली, फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाट, रुंद झाली. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यावरचा फारसी लेख हिजरी 954 चा, म्हणजे 1547 चा, पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला आहे. राजधानी भोजाची असली तरी आज आपण ज्या दरवाज्यातून आत जातो तो विजापूरचा. राजहंसगडाचे गोल बुरूजही याच हिशेबात बसतात. मुलांना त्यांच्यासमोर उभं करून विचारा, कार्तवीर्याकडं तोफ होती का? नव्हती. मग हे बुरूज कुणासाठी?

शिवरायांचं नाव घेणाऱ्यांकडं मी मुद्दाम शेवटी आलो. 2023 पासून गडावर महाराजांचा पुतळा आहे, त्यामुळं नवख्या माणसाला गडही त्यांनीच बांधला असं वाटणं साहजिक आहे. आपल्या बाजूला महाराजांनी उभारलेला गड बघायचा तर चंदगडातल्या पारगडाला जा. 1676 च्या सुमारास रामघाटाच्या वाटेवर आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला तो वसवला गेला. पन्हाळ्याशी महाराजांचा संबंध तर सिद्दी जौहरच्या 1660 च्या वेढ्यापासून कोंडाजी फर्जंदानं 1673 मध्ये साठ माणसांनिशी गड घेतला तिथपर्यंत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, तो इथं उगाळत नाही. एवढंच नोंदवतो की भोजानंतर पन्हाळ्याला पुन्हा खरं राजधानीपण आलं ते ताराबाईंमुळं, आणि कोल्हापूरच्या छत्रपतींनी 1782 मध्ये मुक्काम खाली कोल्हापुरात हलवला तोवर ते टिकलं. राजा डोंगरावरून खाली आला तो असा, बाजारपेठेजवळ. कार्तवीर्याला हे शहाणपण पावणेसहाशे वर्षं आधी सुचलं होतं म्हणायचं!

गडांवरची माणसं संपली कशी, हे फलकांवर कधीच नसतं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बेळगावचा किल्ला एप्रिल 1818 मध्ये जनरल मन्रोनं घेतला, तिथं छावणी पडली. पण कोल्हापूर संस्थानाच्या गडांवर पिढीजात गडकरी होते. गड राखायचा आणि त्याबद्दल मिळालेली जमीन कसायची, असं त्यांचं चालायचं. 1840 नंतर इंग्रजांच्या देखरेखीखालच्या नव्या कारभारानं त्या जमिनींवर आणि हक्कांवर हात घातला, आणि 1844 मध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. त्यांच्यावर फौज गेली ती आपल्या बेळगावच्या छावणीतून. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरात पन्हाळा. पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी तेव्हाच पाडला. गडकरी गेले आणि गडावर दर पावसाळ्याआधी चुना भरणारे, तटातली पिंपळाची रोपं उपटणारे हातही गेले. गड तोफेनं जितके पडले नाहीत तितके पिंपळानं पाडले.

त्यावरून एक कळकळीची विनंती. मध्यंतरी एका गडावर ठेकेदारानं जांभ्याच्या बुरुजाच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरल्या. दिसायला छान. पण जांभा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. चुना ते सोडू देतो, सिमेंट देत नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या पावसाळ्यात बुरुजाला पोट आलं आणि चौथ्यात ते फुटलं. येळ्ळूरची मंडळी उत्साही आहेत, वर्गणी काढून डागडुजी करायला निघतील, चांगलंच आहे. पण चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चरात, मळलेला चुना, गूळ आणि हिरड्याचं पाणी हाताळलेला गवंडी मिळाला तरच दगडाला हात लावा. सरकारी परवानगी लागते ती वेगळीच. तसा गवंडी मिळेपर्यंत फक्त झाडं छाटा, मुळं ओढून काढू नका.

फलकाचा मजकूर मी असा ठेवेन, तुम्ही भाषा सोपी करा: 'राजहंसगड (येळ्ळूर गड). बेळगाव ही रट्ट राजांची राजधानी असताना तिच्या दक्षिणेकडील वाटांवर लक्ष ठेवणारी ही डोंगरावरची जागा. गडाची पहिली उभारणी परंपरेने रट्टांकडे दिली जाते. तोफांच्या काळात तट-बुरूज नव्याने बांधले गेले. आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे.' एवढं पुरे. 'राजवाडा' नको, 'भोज' नको. महाराजांचा पुतळा समोर दिसतोच, त्याला वेगळी ओळ लागत नाही.

आणि फलक तटाला खिळे मारून लावू नका. खाली वाटेच्या कडेला दोन खांब रोवून लावा. मुलांना सकाळी लवकर न्या. तिरपं ऊन पडतं तेव्हा दगडावरच्या पुसट खुणा उठून दिसतात, दुपारी काही दिसत नाही. एखादं अक्षर दिसलं तर खडू किंवा ऑइलपेंट भरायचा नाही, नुसता फोटो काढायचा. शेजारी मोजपट्टी धरायची आणि दगड उलटा तर नाही ना, तेवढं बघून घ्यायचं.